ङ

बिलक्सीच्या धक्क्यावर, कसिनोच्या मागल्या अंगाला,
ङाबाई कोळंबी विकते. लेकाच्या बोटीवरून, पौंडावर.
इथले सगळे तिला नॅन्सी म्हणतात.
मी पहिल्याच दिवशी खरं नाव नीट उच्चारलं
तेव्हा तिने वजनावर मूठभर जास्त टाकली.

आमच्या अंकलिपीत ङच्या चौकोनात चित्र नव्हतं.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गडूचा, घ घराचा,
आणि मग हा, बिनकामाचा,
काखेत टिंब धरून रांगेच्या टोकाला.
गुरुजी त्याच्यावरून छडी भरभर पुढे नेत.
त्याच्यापासून सुरू होणारं माणूस भेटायला
मला देवगड सोडून मिसिसिपीत यावं लागलं.

मार्चमध्ये तिच्या देशात चौदा दिवस हिंडून आलो.
व्हिसा तीन दिवसांत, ईमेलवर.
हनोईत प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर
गुडघे कानाशी घेऊन कॉफी प्यायलो.
ह्युएच्या बाजारात बायका मला बघून ओरडायच्या,
"अन दो! अन दो!"
मी मागे वळून बघायचो,
एक मी, अन् दुसरा कोण आलाय माझ्याबरोबर?
तिसऱ्या दिवशी कळलं, ते माझ्या देशाचं नाव.

न्हा त्रांगला टेकडीवर विटांचं देऊळ,
आत दहा हातांची देवी, अंगभर पिवळं रेशीम.
हात आपोआप जुळले.
उदबत्तीवाल्या म्हातारीने मला घरचा समजून
उरलेले पैसे परतच केले नाहीत.

आणि फुओक हायच्या वाळूत त्या गोल होड्या,
बांबूच्या टोपल्या, शेणाने सारवलेल्या.
शेणाने!
आमचं अंगणच कोणी उचलून दर्यात सोडलं होतं
आणि त्यात उभा राहून एक पोरगा
एका वल्ह्यावर गिरक्या घेत होता.

हे सगळं मी ङाबाईला फोनवर दाखवलं,
बर्फाच्या खोक्यावर कोपर टेकून.
देवी तिने बोटाने सरकवली.
ह्युए सरकवलं.
टोपलीपाशी थांबली. मोठी केली, अजून मोठी,
पोरगा चौकटीबाहेर गेला,
उरली नुसती काठाची वीण.
"सैल आहे," म्हणाली. "माझा भाऊ अशी सोडत नसे."

तुम्ही का नाही जात, मी विचारलं,
सूनसुद्धा जाऊन आली की, पोरांना घेऊन.
तिने कोळंबीत आलेला एक पिटुकला खेकडा
निवडून पाण्यात टाकला.
"आणि विमानतळावर
परदेशी लोकांच्या रांगेत उभी राहू?"

मग बराच वेळ गिऱ्हाईक.
एका गृहस्थाला डोकी काढून हवी होती.
ती नाही म्हणाली. तो तरी घेऊन गेला.

"टोपलीत बसलास का?" तिने मधेच विचारलं.
बसलो. दहा मिनिटं. ओकलोही.
"मग सांग, पाण्यावरून गाव कसं दिसतं?"

ठेंगणं, मी म्हटलं.
आधी माड दिसतात, मग कौलं,
मग वाळत घातलेली जाळी, निळी.
माणसं शेवटी.

तिने मान हलवली,
लांबच्या नात्यातल्या लग्नाची बातमी ऐकून
आपण हलवतो तशी.
"आम्ही निघालो तेव्हा रात्र होती," म्हणाली.
"दिवे लावायचे नाहीत असं ठरलं होतं."

बिलाच्या पाठीवर मी तिला तिचं नाव लिहून दिलं:
ङा.
तिने कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"तुमच्या भाषेत ह्याच्यापासून काय काय सुरू होतं?"
काहीच नाही.
"मग ठेवलंय कशाला?"

मला सांगता आलं नाही.
गुरुजींनाही आलं नसतं.

कागद तिने वजनकाट्याखाली सारला.
काटा किंचित हलला, तो टिचकी मारून
शून्यावर आणला.
"बर्फ वितळतोय," ती म्हणाली.
"दोन पौंड की तीन?"